शाळेची पडवी आणि सरकारचा आदेश : रत्नागिरी जिल्ह्यातील समतेच्या धोरणाची शंभर वर्षे

१/
दापोली, १८९० च्या दशकाचा आरंभ. गावात स्थायिक झालेले महार आणि चांभार समाजातील लष्करी पेन्शनर नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना प्रवेश मिळावा म्हणून अर्ज करतात. शाळा सार्वजनिक पैशाने चालते आणि अशी शाळा सर्व जातींना खुली असावी, हे सरकारचे लेखी धोरण आहे. प्रवेश सरळ नाकारणे अवघड असल्याने वाद दुसऱ्याच प्रश्नावर येऊन थांबतो : मुलांनी बसायचे कुठे? त्यावर निघालेले उत्तर म्हणजे शाळेची पडवी.

२/
पटावर नाव आहे, पण वर्गात जागा नाही. सरकारी समतेचा इतिहास समजून घ्यायचा तर या पडवीपासून सुरुवात करावी लागते. राज्यसंस्थेने समतेचे आदेश काढले, तरी ते पडवीत का अडकले आणि तेथून आत कसे गेले, याचा हा धागा आहे. दापोली, महाड आणि मंडणगड हा टापू त्याच्या केंद्रस्थानी आहे. (त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता, तो १९८१ मध्ये वेगळा झाला. महाड शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात.)

३/
आधी धोरणाचा उगम पाहू. जून १८५६ मध्ये धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. एका मुलासाठी इतरांवर सक्ती केली तर शाळा ओस पडेल आणि बहुसंख्यांसाठी ती निरुपयोगी ठरेल, असा त्यामागचा युक्तिवाद होता. कलकत्त्याच्या केंद्र सरकारला हा निर्णय रुचला नाही. लंडनमधील कंपनीच्या संचालक मंडळानेही सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील, हे तत्त्व उचलून धरले.

४/
या प्रकरणात मुंबई सरकारने वापरलेला युक्तिवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. एकाचा हक्क मान्य केला तर अनेकांची गैरसोय होईल, म्हणून हक्क लांबणीवर टाकावा, असे त्याचे स्वरूप होते. पुढील सत्तर वर्षे कोकणातील शाळा, विहिरी आणि तळी यांच्याबाबत हेच कारण वेगवेगळ्या शब्दांत पुढे येत राहिले.

५/
१८८२ च्या हंटर आयोगाने तत्त्वाचा पुनरुच्चार केला : केवळ जातीच्या कारणावरून सार्वजनिक पैशाच्या शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही. प्रांतिक सरकारची शाळा असो, नगरपालिकेची असो वा लोकल बोर्डाची, नियम एकच. मात्र त्याचा अंमल ‘योग्य त्या सावधगिरीने’ व्हावा, अशी पुस्ती आयोगाने जोडली. शिवाय जेथे विरोध असेल तेथे अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळांना उत्तेजन द्यावे, असेही सुचवले. दापोलीची पडवी ही या ‘सावधगिरी’ची वास्तुरूप आवृत्ती म्हणता येईल.

६/
मग दापोलीतच हा प्रश्न इतक्या तीव्रतेने का उभा राहिला? कारण दापोली ही लष्करी छावणी होती. आजही जुनी माणसे तिला ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. मुंबई लष्करातून निवृत्त झालेले अनेक सैनिक येथे वस्तीला आले. त्यांच्याकडे तीन गोष्टी होत्या : दरमहा येणारी पेन्शन, पलटणीच्या शाळेत मिळालेली अक्षरओळख आणि सरकारी कागद कसा वाचावा व लिहावा याचा सराव. गावगाड्यातील बलुत्यावर जगणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांना यांपैकी एकही गोष्ट सहजासहजी मिळणारी नव्हती.

७/
येथे एक महत्त्वाचा विरोधाभास दिसतो. अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी समतेचा सर्वांत परिणामकारक सरकारी उपाय ‘समता’ या नावाने आलाच नव्हता. तो आला लष्कराच्या गरजेतून. पलटणीत महार माणूस हवालदार, जमादार, सुभेदार होऊ शकत होता. सैनिकांच्या मुलांसाठी शाळा होत्या. रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि सुभेदार पदावरून निवृत्त झाले. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. निवृत्तीनंतर काही काळ हे कुटुंब दापोलीत राहिले. त्यांचा धाकटा मुलगा म्हणजे भीमराव.

८/
याच पेन्शनरांमध्ये गोपाळ बाबा वलंगकर होते. महाडजवळच्या रावढळचे हे गृहस्थ १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि दापोलीत राहू लागले. जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. ‘दीनबंधु’त त्यांनी लेखन केले. १८८८ मध्ये त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध झाले. अस्पृश्यतेला आधार तरी कोणता, हे धर्माधिकाऱ्यांना प्रश्नांच्या रूपाने विचारणारी ही पुस्तिका होती. त्यांच्या संघटनेचे नाव होते ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’.

९/
या नावातील ‘अनार्य’ हा शब्द थांबून वाचावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आर्य-अनार्य हा वंशाचा सिद्धान्त युरोपीय विद्वानांपासून फुल्यांपर्यंत सर्वत्र चर्चेत होता. फुल्यांनी तो उलटा वापरला : बाहेरून आलेल्या आर्यांनी मूळच्या रहिवाशांना दास केले, असे मांडले. वलंगकरांनी त्याच परंपरेतून नाव घेतले. पुढे डॉ. आंबेडकरांनी जातीचा उगम वंशात शोधण्याची कल्पना नाकारली. तरी त्या काळी वंशाची भाषा ही सत्तेची भाषा होती आणि लवकरच ती थेट दापोलीच्या पेन्शनरांवर उलटली.

१०/
१८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हे भारतातील सरसेनापती होते. काही वंश जन्मतः लढाऊ आणि काही भित्रे, या ‘लढाऊ जाती’च्या सिद्धान्ताचे ते मोठे पुरस्कर्ते. त्याच धोरणाच्या ओघात १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरती बंद झाली. ज्या समाजाने कंपनीच्या काळापासून मुंबई लष्करात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, तो एका आदेशाने ‘लढाऊ’ यादीबाहेर गेला.

११/
१८९४ मध्ये वलंगकरांनी या बंदीविरुद्ध सविस्तर अर्ज तयार केला. आपण पूर्वीचे क्षत्रिय आहोत, असा त्यातील एक प्रमुख दावा होता. ‘अनार्य’ नावाची संघटना क्षत्रियत्वाचा दावा करते, हे आज विसंगत वाटेल. परंतु सरकार ज्या निकषावर माणसे मोजत होते, त्याच निकषावर उत्तर देण्याची ही धडपड होती. भरतीचा दरवाजा लगेच उघडला नाही. पहिल्या महायुद्धाच्या गरजेतून १९१७ मध्ये महारांची एक पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर १९२१ मध्ये मोडीत निघाली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी, पुन्हा एका महायुद्धाच्या ऐन धामधुमीत.

१२/
म्हणजे एकाच दशकात एकाच सरकारचे दोन चेहरे दिसतात. शिक्षण खाते सांगते : जात पाहू नका. लष्कर सांगते : जात पाहूनच भरती करा. शाळेच्या प्रवेशासाठी भांडणारा बाप आणि भरतीबंदीने ज्याच्या मुलाची पुढची वाट बुजली तो बाप, हा एकच माणूस होता. म्हणून ‘इंग्रजांनी समता आणली’ आणि ‘इंग्रजांनी काहीच केले नाही’ ही दोन्ही विधाने दापोलीच्या कागदपत्रांपुढे टिकत नाहीत.

१३/
१८९५ मध्ये वलंगकरांची महाड तालुका लोकल बोर्डावर सरकारने नेमणूक केली. अस्पृश्य मानलेला माणूस स्थानिक कारभाराच्या मंडळात बसणार, ही त्या काळी मोठी घटना होती. उच्चवर्णीय सदस्यांनी विरोध केला. आदेशाने खुर्ची मिळाली, पण शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचे मन आदेशाने बदलत नाही, याचा हा आणखी एक दाखला. वलंगकर १९०० मध्ये निवर्तले. त्यांनी गिरवलेला अर्ज-विनंतीचा मार्ग पुढच्या पिढीने अधिक धारदार केला.

१४/
आता १९२३ मध्ये येऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली व चालवलेली, तसेच सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत, अशी ही शिफारस होती. बोले स्वतः भंडारी समाजातले. कोकणच्या किनारपट्टीवर मोठ्या संख्येने वसलेल्या, पण सत्तेपासून दूर राहिलेल्या समाजातून हा आवाज आला होता.

१५/
११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने अंमलाचे परिपत्रक काढले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते दोन भागांत वाचावे. पहिला भाग : सरकारच्या मालकीच्या जागा आणि संस्था. तेथे सर्व खातेप्रमुखांनी ठरावाची अंमलबजावणी करावी, असा स्पष्ट हुकूम होता. दुसरा भाग : स्थानिक संस्था. तेथे जिल्हाधिकाऱ्यांनी नगरपालिका आणि बोर्डांना ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे का, याचा ‘विचार करण्याचा सल्ला’ द्यावा, एवढेच म्हटले होते.

१६/
सगळी मेख या दुसऱ्या भागात आहे. गावोगावच्या बहुतेक विहिरी, तळी आणि प्राथमिक शाळा सरकारच्या थेट मालकीच्या कुठे होत्या? त्या होत्या नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या. म्हणजे जेथे माणसाला रोज पाणी भरायचे आणि मुलाला रोज शाळेत पाठवायचे, तेथे हुकूम नव्हता, सल्ला होता. आणि सल्ला ज्यांना द्यायचा, त्या मंडळांवर बहुतांशी तेच लोक बसलेले होते ज्यांच्या सवयी बदलायच्या होत्या.

१७/
हे बोले यांच्याही ध्यानात आले. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी विधिमंडळात पुन्हा ठराव आणला. या वेळी एक नवी कळ जोडली होती : ज्या नगरपालिका आणि बोर्डे हा ठराव अमलात आणण्यास नकार देतील, त्यांना सरकारी अनुदान देऊ नये. नैतिक आवाहन तीन वर्षे करून झाले होते. आता तिजोरीची किल्ली पुढे आली.

१८/
या कळीचे महत्त्व जाणण्यासाठी क्षणभर अमेरिकेकडे पाहू. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये काळ्या आणि गोऱ्या नागरिकांसाठी ‘वेगळे पण समान’ व्यवस्था वैध ठरवली. १९५४ च्या ब्राउन खटल्यात शाळांपुरते ते तत्त्व रद्द झाले. तरीही दहा वर्षांनंतर दक्षिणेकडील राज्यांत शंभर काळ्या मुलांपैकी जेमतेम एक-दोन मुले गोऱ्या मुलांसोबत शिकत होती. व्हर्जिनियातील एका काउंटीने तर १९५९ पासून पाच वर्षे आपल्या सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या.

१९/
चित्र झपाट्याने पालटले ते १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर. भेदभाव करणाऱ्या संस्थेला केंद्रीय निधी मिळणार नाही, असे त्याच्या सहाव्या प्रकरणात म्हटले होते. पाठोपाठ १९६५ मध्ये शाळांसाठी मोठा केंद्रीय निधी आला आणि तो गमावण्याची भीती खरी झाली. भेद आणि अनुदान यांची गाठ तोडण्याचा हा विचार मुंबईच्या विधिमंडळात १९२६ सालीच मांडला गेला होता. फरक एवढाच की येथे तो ठराव होता, सक्तीचा कायदा नव्हता.

२०/
मग कायदा नसताना ठरावाचे काय झाले? महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. पण तळ्यावर अस्पृश्य मानलेला कोणी गेला नाही. जाण्याची किंमत काय मोजावी लागेल, हे सर्वांना ठाऊक होते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० तारखेला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक तळ्यावर गेली आणि लोकांनी पाणी प्यायले. बोले ठरावाची खरी अंमलबजावणी त्या दिवशी झाली आणि ती कोणत्याही कचेरीने केली नव्हती.

२१/
त्यानंतर परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावच मागे घेतला. योगायोग असा की बोले ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. डिसेंबरमध्ये काही सवर्ण नागरिकांनी तळे खाजगी असल्याचा दावा करून न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. एका तळ्यासाठी सत्याग्रहापासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली.

२२/
दरम्यान सरकारने आणखी एक गोष्ट केली. १९२८ मध्ये स्टार्ट समिती नेमली. तिचे काम दलित आणि आदिवासी समाजांच्या स्थितीची पाहणी करणे. डॉ. आंबेडकर, डॉ. सोळंकी आणि अमृतलाल ठक्कर तिचे सदस्य होते. ऑक्टोबर १९२९ मध्ये याच समितीच्या कामासाठी फिरत असताना चाळीसगावला एकही टांगेवाला आंबेडकरांना न्यायला तयार होईना. शेवटी वस्तीतल्या एका नवख्या माणसाने टांगा हाकला, तो पुलावर कलंडला आणि आंबेडकर जबर जखमी झाले. सरकारी समितीच्या सदस्याला सरकारी कामासाठी टांगा मिळत नाही. अहवालाला याहून मोठे परिशिष्ट कोणते असणार?

२३/
समितीचा अहवाल १९३० मध्ये आला. त्यातील एक निरीक्षण कोकणासाठी कळीचे आहे. अस्पृश्य समाज बहुतेक ठिकाणी पोटासाठी गावातील वरिष्ठ जातींवर अवलंबून आहे : कोणी त्यांची जमीन कसतो, कोणी त्यांच्या शेतावर राबतो, कोणी गावकीच्या चाकरीबद्दल मिळणाऱ्या धान्यावर जगतो. त्याने हक्क बजावला की जमीन काढून घेतली जाते, काम बंद होते, वाट अडवली जाते. या बहिष्कारापुढे कोणतेही परिपत्रक लुळे पडते.

२४/
रत्नागिरी जिल्ह्यात या परावलंबनाचे नाव होते खोती. खोत हा गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वंशपरंपरागत मध्यस्थ. कुळाकडून धान्याचा वाटा आणि वर वेठ, हा रिवाज. कूळ कुणबी असो की महार, खोताच्या मर्जीबाहेर जाणे म्हणजे चूल विझणे. शाळेच्या पडवीतून मुलाला आत नेण्याची मागणी करणाऱ्या बापाने संध्याकाळी त्याच खोताच्या अंगणात उभे राहायचे होते. दापोलीच्या पेन्शनरांना आवाज का फुटला आणि आसपासच्या खेड्यांतील कुळांना का फुटला नाही, याचे उत्तर येथे मिळते. पेन्शन खोताच्या हातात नव्हती.

२५/
म्हणूनच आंबेडकरांनी समतेचा प्रश्न जमिनीशी जोडला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. त्यात कुणबी आणि महार कुळे एकत्र चालत होती. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. त्याआधी १९२८ मध्ये महार वतनात सुधारणा करण्याचे त्यांचे विधेयकही असेच अडकले होते.

२६/
धर्माच्या क्षेत्रात सरकार आणखी मागे होते. राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यातील धार्मिक हस्तक्षेप न करण्याचे वचन हे सोयीचे कवच ठरले. या क्षेत्रातील हालचाल समाजातून झाली. १९३१ मध्ये रत्नागिरी शहरात सर्व हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर उभे राहिले. त्याचा खर्च भागोजीशेठ कीर यांनी केला आणि त्यामागे त्या वेळी रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांची चळवळ होती. जुन्या मंदिरांचे दरवाजे उघडण्यासाठी मात्र १९४७ च्या मुंबई हरिजन मंदिर प्रवेश कायद्यापर्यंत थांबावे लागले.

२७/
स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आणि नंतर कायद्यांची भाषा बदलली. सामाजिक निर्योग्यता दूर करणारा १९४६ चा मुंबई कायदा आला. त्यात ‘विचार करावा’ नव्हते, शिक्षा होती. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिच्या आचरणाला दंड ठरवला. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने मध्यस्थ हटवला. १९५८ च्या कायद्याने महार वतनासह गावची कनिष्ठ वतने रद्द केली. पहिल्या दोहोंनी भेदाला गुन्हा ठरवले. शेवटच्या दोहोंनी तो गुन्हा सोसण्याची सक्ती कमी केली. दोन्ही प्रकार एकमेकांविना अपुरे होते.

२८/
हा प्रश्न केवळ आपला नाही, याची जाणीव आंबेडकरांना होती. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. तेथील काळ्या नागरिकांनी संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. वंश आणि जात एक नव्हेत; पण राज्याने दिलेला हक्क आणि शेजाऱ्याने अडवलेली वाट यांच्यामधली दरी दोन्हीकडे सारखीच होती.

२९/
या शंभर वर्षांच्या कागदांतून वाचनाची एक पद्धत हाती लागते. समतेचा कोणताही शासन निर्णय समोर आला की चार प्रश्न विचारावेत. हुकूम आहे की सल्ला? अंमल करणारा कोण आहे आणि त्याचे हितसंबंध कोणते? नकार दिल्यास पैसा थांबतो का? आणि ज्याच्यासाठी हा हक्क आहे, त्याची चूल हक्क बजावल्यावर पेटती राहील का? १८५६ चा धारवाड निर्णय, १९२३ चे परिपत्रक, १९२४ चा महाडचा ठराव हे सारे या चारपैकी कोणत्या ना कोणत्या प्रश्नावर अडखळले.

३०/
आणि पाचवा प्रश्न : तो आदेश हातात घेऊन दारात उभे राहणारे कोणी होते का? धारवाडचा मुलगा, दापोलीचे पेन्शनर, महाडच्या तळ्याकडे चालत गेलेले लोक. आदेश अपुरे होते, तरी ते निरर्थक नव्हते. कारण या माणसांनी सरकारला त्याच्याच शब्दांत पकडले. आपल्या गावातील जुन्या शाळेचे दप्तर, नगरपालिकेची जुनी ठरावपुस्तके पाहायला मिळाली तर अवश्य पाहावीत. प्रवेशाची नोंद सापडेल. बसण्याची जागा बहुधा लिहिलेली नसेल. तिचा शोध घेणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

(धागा समाप्त)